दिवाळीच्या वहीतली बारा नावं: एका ग्रॅच्युइटीचं प्रकरण

जुलै २०२४ मधली गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात साड्यांचं आणि ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. २०१३ पासून त्यांचे हिशोब आणि रिटर्न माझ्याकडे आहेत. दुपारी दुकान बंद असतं त्या वेळात मालक माझ्याकडे आले. हातात रजिस्टर एडीनं आलेलं पाकीट, आत एका पानाचा फॉर्म ‘आय’. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी संपल्यावर सेवेच्या वर्षांनुसार मालकाने द्यायची एकरकमी रक्कम. ती मागण्यासाठी कामगार मालकाकडे जो अर्ज करतो, तो हा.

‘‘साहेब, तात्यांनी नोटीस पाठवलीय. तात्यांनी,’’ ते दोनदा म्हणाले.

तात्या म्हणजे त्यांच्या दुकानातले सर्वांत जुने सेल्समन. १ जून २००० रोजी मालकांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्यांना गादीवर बसवलं. ३१ मार्च २०२४ ला त्यांनी स्वतःहून काम सोडलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, गुडघे वाकत नव्हते, आणि साड्यांच्या गादीवर बसून दिवसाला शेकडो घड्या उलगडायच्या म्हणजे डोळे आणि गुडघे दोन्ही लागतात. मालकांना तात्यांनी शाळेच्या दप्तरासकट पाहिलेलं, ते अजून त्यांना ‘दादा’ म्हणतात. निरोपाच्या दिवशी दुकानात छोटा समारंभ झाला. शाल, नारळ, अकरा हजारांचं पाकीट. आणि त्याच दिवशी रेव्हेन्यू स्टॅम्पवर एक सही: ‘माझी सर्व देणी मिळाली, कोणतीही तक्रार नाही.’

मालकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. दुकानात सातच माणसं, दहाच्या आत ग्रॅच्युइटी लागत नाही. तात्यांनी राजीनामा दिला, त्यांना काढलेलं नाही. सही करून हिशोब चुकता झाला आहे. २०१५ मध्ये ते पाच महिने घरी होते, म्हणजे नोकरीत खंड आहे. शिवाय पत्र्यासाठी घेतलेल्या उचलीतले अठरा हजार अजून फिटायचे आहेत. ‘‘आता तुम्हीच सांगा, कोण कुणाचं देणं लागतं?’’

हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता. माझ्याकडे येणाऱ्या दहा दुकानदारांपैकी नऊ जण हेच सगळं बोलले असते.

सोप्या मुद्द्यांपासून सुरुवात केली. राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. १९७२ च्या ग्रॅच्युइटी प्रदान कायद्यात पाच वर्षांची अखंड सेवा ही अट आहे, मग माणूस निवृत्त होवो की राजीनामा देवो. मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर पाच वर्षांचीही अट नाही. २०१५ चे पाच महिने म्हणजे तात्या एसटी स्टँडवर घसरून पाय मोडला तो काळ. अपघात, आजारपण, रजा यांमुळे पडलेला खंड कायदा खंड मानत नाही. चुकता केल्याच्या सहीबद्दल मालकांना सर्वांत जास्त भरवसा होता आणि तिथंच मला स्पष्ट बोलावं लागलं. ग्रॅच्युइटी कायद्याने दिलेला हक्क आहे. तो सोडल्याची सही घेतली म्हणून हक्क जात नाही, कारण कायद्याच्या विरोधातल्या करारापेक्षा कायदा वरचढ राहतो, असं त्याच कायद्यात लिहिलं आहे. त्या कागदावर ग्रॅच्युइटीचा आकडा तर सोडाच, शब्दही नव्हता.

राहिला पहिला मुद्दा. सातच माणसं. हा मात्र खरा मुद्दा होता, आणि तो खरा ठरला असता तर बाकीचं सगळं गैरलागू झालं असतं.

दुकानांना हा कायदा लागतो तो मागच्या बारा महिन्यांत ‘कोणत्याही दिवशी’ दहा किंवा जास्त व्यक्ती कामाला असतील तर. या दोन शब्दांकडे लोकांचं लक्ष जात नाही. सरासरी काढायची नाही, मार्चअखेरची संख्या पाहायची नाही. एका दिवशी दहा माणसं होती का, एवढंच. आणि ‘व्यक्ती’ म्हटलंय, त्यामुळे कायम आणि हंगामी असा भेद मोजताना येत नाही. कापड दुकानात तर हंगामच सगळं असतो. लग्नसराईला आणि दिवाळीला दोन-चार पोरं जादा लागतात, कुणी माल काढून द्यायला, कुणी घड्या घालायला, कुणी पायऱ्यांवर चपला सांभाळायला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कायदा एकदा लागला की मग सुटत नाही. पुढे माणसं कमी होऊन सात झाली, चार झाली, तरी लागूच राहतो. कायद्यात त्यासाठी स्वतंत्र पोटकलम आहे. म्हणून मी मालकांना विचारलं ते आजचं नाही, मागचं. ‘‘तुमच्या आबांच्या वेळी कधी दहा माणसं होती का?’’

‘‘आठवत नाही,’’ ते म्हणाले. मग थोडं थांबून, ‘‘आबांच्या पोस्तीच्या वह्या आहेत घरी.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणली. लाल कापडी बांधणीची, उभी, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक आणि ‘श्री’. आबा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुकानातल्या प्रत्येकाला दिवाळीची पोस्त द्यायचे आणि देताना लिहायचे. नाव, रक्कम, समोर सही. शाई निळी, अक्षर मोडी वळणाचं, रकमेनंतर प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या रेघा, पुढं कुणी शून्य वाढवू नये म्हणून. २०११ च्या दिवाळीच्या पानावर बारा नावं होती. पहिलं तात्यांचं, ५०१ रुपये. शेवटच्या तीन नावांपुढे १०१, त्यांतल्या दोघांचे अंगठे, आणि समासात एक आडवा कंस करून लिहिलेलं: ‘दिवाळीपुरते’.

बारा. त्यातले नऊ कायमचे, तीन हंगामी. २०१० च्या पानावर अकरा. २०१२ ला पुन्हा अकरा.

मालकांनी पान पाहिलं, मला पाहिलं, आणि वही मिटली. ‘‘ही वही तात्यांना माहीत असेल, पण त्यांच्याकडे नाही ना?’’

मला त्यांचा राग आला नाही. दोन लाखांचा प्रश्न होता, आणि समोर श्रावण, गौरी-गणपती, सुरतेच्या खरेदीचे पैसे गुंतलेले. पण मी त्यांना सांगितलं की ही वही नाही असं धरून मी काहीही लिहून देणार नाही. एक तर ते खोटं आहे. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही ते पोकळ आहे, कारण वही लपली तरी माणसं लपत नाहीत. त्या बारांपैकी चौघे अजून गावात आहेत, एकाचं तर समोरच्याच गल्लीत मोबाईलचं दुकान आहे. उद्या साक्षीला उभं राहून ते सांगतील, आबांच्या वेळी आम्ही इतके जण होतो. आणि रजिस्टर, हजेरीपुस्तक ठेवणं मालकाचं काम असल्यामुळे ‘तुमचं हजेरीपुस्तक दाखवा’ हा प्रश्न पहिला आपल्यालाच येणार.

मग मी त्यांना विचारलं, ‘‘आबांनी ही नावं कशासाठी लिहिली असतील?’’ ते काही बोलले नाहीत. वही मात्र परत पिशवीत न घालता टेबलावर ठेवली.

कायदा लागला हे मान्य झाल्यावर आकडा काढायला पाच मिनिटं लागली. शेवटचा महिन्याचा पगार, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. २६ यासाठी की महिन्यातले चार रविवार सोडून कामाचे दिवस धरायचे. १५ म्हणजे प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला भाग पूर्ण वर्ष धरतात. तात्यांची सेवा २३ वर्षं १० महिने, म्हणजे २४ वर्षं. पगार १५,६००. रोजचे ६००, पंधरा दिवसांचे ९,०००, चोवीस वर्षांचे २,१६,०००.

इथे मालक म्हणाले की १५,६०० मध्ये घरभाडं धरलेलं होतं, मूळ पगार निम्माच. ग्रॅच्युइटीसाठी मूळ पगार आणि महागाई भत्ता धरतात, घरभाडं धरत नाहीत, हे खरं आहे. पण त्यांच्या पगारपत्रकात एकच रकाना होता: ‘पगार’. नेमणूकपत्र कधी दिलंच नव्हतं. चोवीस वर्षं एकरकमी दिलेल्या पगाराची फोड नोकरी संपल्यावर करता येत नाही. केली तर ती बनवलेली दिसते, आणि ती बनवलेलीच असते.

‘‘२०११ ला कायदा लागला असं धरलं, तर त्याच्या आधीची अकरा वर्षं कशी धरायची?’’ हा त्यांचा प्रश्न मला आवडला, कारण तो विचार करून आलेला होता. पण उत्तर त्यांच्या विरोधात होतं. अखंड सेवेची व्याख्या करताना कायद्याने स्वतः लागू होण्याच्या आधीची सेवाही धरली आहे. २०१६ मध्ये दुकान आबांच्या नावावरून मालकांच्या नावावर झालं, पण गादी तीच, गिऱ्हाईक तेच, तात्या दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आले होते. त्या बदलाने सेवा तुटली असं म्हणायला काहीच आधार नव्हता.

उचलीचे अठरा हजार आणि निरोपाचे अकरा हजार वजा करावेत, असं त्यांच्या मनात होतं. मी दोन्हींना नको म्हटलं. अकरा हजार दिले ते शाल-नारळासोबत, चारचौघांत, भेट म्हणून. त्याला मागाहून ग्रॅच्युइटीचा हप्ता म्हणणं बरं नव्हे. उचल हे खरं येणं आहे, पण ग्रॅच्युइटीतून परस्पर कापता येत नाही. ही रक्कम दिवाणी कोर्टाच्या जप्तीपासूनही सुरक्षित ठेवलेली आहे. मालकाला ग्रॅच्युइटी अडवता येते ती ठरावीक प्रसंगीच: कामगाराला काढून टाकलं असेल आणि कारण त्याने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने केलेलं नुकसान, दंगा-मारामारी, किंवा कामाच्या ओघात केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा असेल तर. नुकसानीच्या बाबतीतही नुकसानीएवढीच. तात्यांना काढलेलंच नव्हतं. म्हणून ग्रॅच्युइटी पूर्ण द्यायची आणि उचलीचं स्वतंत्र बोलायचं.

आता वेळेचा हिशोब, त्या वेळच्या कायद्याप्रमाणे. नोकरी संपली की ग्रॅच्युइटी देय होते आणि मालकाने ती तीस दिवसांत द्यायची असते. कामगाराने अर्ज केला नाही तरीही रक्कम काढून कळवणं ही मालकाचीच जबाबदारी. हे वाक्य मी ज्याला ज्याला सांगतो तो चमकतो. ‘मागितली नाही म्हणून दिली नाही’ हे उत्तर चालत नाही. तीस दिवस उलटले की दहा टक्के साधं व्याज, तेही देय झाल्या दिवसापासून. तात्यांच्या बाबतीत महिन्याला १,८०० रुपये. अर्ज आल्यावर पंधरा दिवसांत फॉर्म ‘एल’ने रक्कम आणि तारीख कळवायची, किंवा नाकारायची असेल तर फॉर्म ‘एम’ने कारणांसह कळवायचं. गप्प बसलं तर कामगार फॉर्म ‘एन’ घेऊन नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जातो. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयात चालतं. तिथे हरलं आणि अपील करायचं म्हटलं तर आधी पूर्ण रक्कम भरावी लागते. रक्कम दिलीच नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली निघते, आणि ग्रॅच्युइटी न देण्याच्या गुन्ह्याला तेव्हा सहा महिने ते दोन वर्षं कैदेची तरतूद होती. कैदेचं मी त्यांना घाबरवायला सांगितलं नाही. पण कायद्यात जे आहे ते सांगणं माझं काम आहे.

पाकीट ६ जुलैला मिळालं होतं. म्हणजे २१ तारखेच्या आत फॉर्म ‘एल’ जायला हवा होता. तो १८ ला गेला. ३१ जुलैला अकाउंट पेयी चेक. मुद्दल २,१६,०००, चार महिन्यांचं व्याज ७,२००, एकूण २,२३,२००. रोख द्यायचा त्यांचा विचार होता, तो मी मोडला. दहा हजारांवरचा रोखीचा खर्च आयकरात मान्य होत नाही, आणि चेकची नोंद दोघांच्याही कामाची असते. ग्रॅच्युइटी प्रत्यक्ष दिल्यामुळे तो खर्च त्या वर्षीच्या नफ्यातून वजा झाला. तात्यांच्या हाती ती करमुक्त. पैसे उभे करायला मालकांनी सुरतेच्या खरेदीतून पैठणी-सिल्कचा एक लॉट कमी केला.

चेक द्यायला ते स्वतः तात्यांच्या गावी गेले. जाण्याआधी मला फोन करून विचारलं, काय बोलू? मी म्हटलं, काही बोलू नका, आकडा कसा आला तो कागद सोबत द्या आणि वाचून दाखवा. माझ्या अनुभवात भांडणं रकमेवरून कमी होतात आणि ‘मला काही सांगितलंच नाही’ यावरून जास्त. तात्यांनी रजिस्टर एडी करण्याआधी दोन वेळा दुकानात येऊन विषय काढला होता, हे मला नंतर कळलं. दोन्ही वेळा ‘बघू तात्या’ असं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा त्यांच्या पुण्याच्या भाच्याने फॉर्म भरून दिला. पहिल्या वेळी कुणी वही उघडली असती, तर पोस्टाचं पाकीट आलंच नसतं. उचलीचे पैसे तात्यांनी ऑगस्टपासून महिन्याला दोन हजार असे पाठवले.

या प्रकरणात माझीही एक चूक आहे, ती सांगायला हवी. २०१३ पासून मी त्या दुकानाचा ताळेबंद बनवतो. अकरा वर्षं त्यात बँकेचं कर्ज होतं, सुरतेच्या व्यापाऱ्यांचं देणं होतं, २०१७ पासून जीएसटी होता. तात्यांचं देणं कुठेच नव्हतं. पहिल्याच वर्षी मी ‘पूर्वी किती माणसं होती’ असं विचारलं असतं तर वही तेव्हाच निघाली असती. आता कोणत्याही नव्या दुकानदाराला, हॉटेलवाल्याला, वर्कशॉपवाल्याला मी हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारतो, आणि जुन्या वह्या, हजेरीपुस्तकं टाकू नका असं सांगतो. त्या वह्या आपल्या विरोधात जातात तशा आपल्या बाजूनेही जातात. दुकानात खरंच कधी दहा माणसं नव्हती हे सिद्ध करायलाही तीच लागतात.

कायद्याचं एक सांगून ठेवतो. हे प्रकरण जुन्या कायद्याखाली मिटलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि ग्रॅच्युइटी तिच्यात गेली. पंधरा दिवसांचं सूत्र, दहा माणसांची मर्यादा आणि एकदा लागलं की सुटत नाही हा नियम, तीनही कायम आहेत. जे बदललं त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. ठरावीक मुदतीवर नेमलेल्या कामगाराला एका वर्षानंतरही सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. आणि वेतनाच्या व्याख्येत घरभाडं वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरला जातो. मूळ पगार कागदावर लहान ठेवून बाकी सगळं भत्त्यांत टाकायची सवय असलेल्यांनी आपली पगारपत्रकं आजच काढून बघावीत.

दुकानात आता सहा माणसं आहेत. सगळ्यांना नेमणूकपत्रं दिली, नामनिर्देशनाचे फॉर्म भरून घेतले. दर महिन्याला पगाराच्या ४.८१ टक्के रक्कम वेगळ्या आवर्ती ठेवीत जाते. पंधरा भागिले सव्वीस, ते बारा महिन्यांत वाटलं की हा आकडा येतो. एवढ्याने सुरुवात होते, पण ते पूर्ण पुरत नाही, आणि इथेच माझ्या मते छोट्या मालकांचं सर्वांत मोठं अज्ञान आहे. ग्रॅच्युइटी त्या त्या वर्षीच्या पगारावर साठत नाही. ती शेवटच्या पगारावर, मागच्या सगळ्या वर्षांसाठी मोजली जाते. चोवीस वर्षं झालेल्या माणसाचा पगार आज हजाराने वाढवला, तर ग्रॅच्युइटीचं देणं त्याच क्षणी साधारण १३,८४६ रुपयांनी वाढतं. त्यामुळे पगारवाढ देऊ नये असं मी कधीच सांगणार नाही. पण वाढ देताना हा दुसरा आकडाही समोर असला पाहिजे.

एप्रिल २०२५ मध्ये मालक नवी वही घेऊन आले. सहा नावं, पुढे रुजू झाल्याची तारीख, पगार, पूर्ण झालेली वर्षं आणि शेवटी ग्रॅच्युइटी. गल्ल्यावर बसणाऱ्या ताईंना अकरा वर्षं झाली होती, पगार १३,०००, समोर ८२,५००. त्यांच्या मुलीचं बारावीचं वर्ष होतं आणि मालकांना त्यांचा पगार १,३०० ने वाढवायचा होता. ‘‘वाढवला तर इथं किती होतील?’’ त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं. मी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी स्वतः हिशोब केला, पगाराच्या रकान्यात १४,३०० लिहिले, ८२,५०० वर रेघ मारली आणि खाली ९०,७५० लिहून पुढं दोन आडव्या रेघा ओढल्या.